कळेच्या आधी नळी: बाळंतपणात ‘गॅस अँड एअर’ नीट कसा वापरायचा

इंग्लंडमधल्या कुठल्याही लेबर वॉर्डात खाटेच्या मागच्या भिंतीवर एक लवचीक नळी टांगलेली दिसते. टोकाला तोंडात धरायची छोटी तोटी. इथल्या बायका त्याला ‘गॅस अँड एअर’ म्हणतात, औषधाचं नाव एन्टोनॉक्स. मी याच वॉर्डांत मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित सुईण, आहे. आपल्याकडची एखादी मुलगी दाखल झाली की वॉर्डची मुख्य बाई बहुतेक वेळा मलाच त्या खोलीत पाठवते. तिथे एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता दारातूनच ओळखते. कळ शिगेला पोचली की मुलगी ओरडते, ‘द्या, द्या ती नळी!’ कसेबसे चार श्वास ओढते, तोवर कळ ओसरते. गॅस चढतो तो त्यानंतर. मग मला सांगते, ‘काही उपयोग नाही हो याचा, नुसती चक्कर येते.’

उपयोग आहे. मात्र नळी कळेच्या आधी तोंडात गेली पाहिजे, आणि ती स्वतःच्याच हातात असली पाहिजे. बाकीचं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

नळीतून नेमकं काय येतं

नावात ‘एअर’ असलं तरी नळीतून हवा येत नाही. येतो तो अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन. हवेचं नाव चिकटलंय १९३०च्या दशकापासून. लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांनी तेव्हा नायट्रस ऑक्साइड हवेत मिसळून देणारं, बाईला स्वतःच्या हाताने वापरता येईल असं यंत्र आणलं होतं. हवेत मुळात २१ टक्केच ऑक्सिजन, त्यात निम्मा दुसरा वायू घातला की आईला मिळणारा ऑक्सिजन फारच उतरायचा. १९६१मध्ये डॉ. टन्स्टॉल यांनी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन एकाच सिलिंडरमध्ये निम्मे-निम्मे भरण्याची पद्धत मांडली आणि ती अडचण मिटली. जुनं नाव मात्र राहिलं.

भारतातून फोनवर एखादी सासू विचारते, ‘तिकडे पोरं रस्त्यावर फुगे भरून नशा करतात, तोच ना हा गॅस?’ वायू तोच. पण त्या डब्यांत शुद्ध नायट्रस ऑक्साइड असतो, ऑक्सिजनचा थेंब नसतो. तशा वापराने मणक्यातल्या नसा निकामी होऊन तरुण मुलं दवाखान्यात येतात. नशेसाठी तो जवळ बाळगणं ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३पासून गुन्हा आहे. लेबर वॉर्डातलं मिश्रण, त्याचं प्रमाण आणि त्याची झडप, सगळंच वेगळं.

झडपेबद्दल थोडं सांगते, कारण सुरक्षितपणाचं निम्मं काम तीच करते. नळी नुसती हातात धरून ठेवली तर त्यातून काही बाहेर पडत नाही. तुम्ही श्वास आत ओढलात तरच झडप उघडते आणि ‘स्सऽऽ’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर गॅसही आला नाही. बहुतेक वेळा ओठ सैल असतात किंवा श्वास नाकाने चाललेला असतो.

आधी मिडवाइफला काय सांगायचं

नायट्रस ऑक्साइड रक्तात नायट्रोजनपेक्षा तीसपट तरी जास्त विरघळतो. त्यामुळे शरीरात कुठे हवा कोंडलेली असेल तर तिथला नायट्रोजन बाहेर पडण्याआधी हा आत घुसतो आणि ती जागा फुगते किंवा तिथला दाब वाढतो. म्हणून पुढच्यापैकी काहीही असेल तर आधी सांगायचं: छातीत हवा भरून फुप्फुस दबलेलं असणं, आतड्याला अडथळा, नुकतीच झालेली कानाची शस्त्रक्रिया, डोक्याला ताजी गंभीर दुखापत, थोड्याच वेळापूर्वी केलेलं स्कूबा डायव्हिंग. बाळंतपणात यातलं क्वचितच काही निघतं. डोळ्याचं मात्र लक्षात ठेवा. पडदा सरकल्यावरच्या शस्त्रक्रियेत कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो कित्येक आठवडे टिकतो. तो असताना एन्टोनॉक्स घेतला तर डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. अशा रुग्णाच्या मनगटावर सूचनेचा पट्टा बांधलेला असतो, तो काढू नका.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: बी-ट्वेल्व्ह.

नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व निकामी करतो. त्या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो, त्याचंच ऑक्सिडीकरण होतं. साठा भरपूर असेल तर काही तासांच्या बाळंतपणाने फरक पडत नाही. साठा आधीच तळाला गेला असेल तर मात्र नसांच्या आवरणाला इजा होऊ शकते. हे लगेच जाणवत नाही. बाळ घरी आल्यावर काही आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, तळव्यांखाली कापूस असल्यासारखं वाटतं, जिना उतरताना तोल जातो. बाळंतीण समजते अशक्तपणा आहे, आई समजते डिंकाचे लाडू कमी पडले.

आपल्यातल्या कित्येक जणी जन्मापासून शाकाहारी असतात. बी-ट्वेल्व्ह मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. इथे आल्यावर चहा बदामाच्या दुधाचा होतो, दही वाटीभरावरून चमचाभरावर येतं. गर्भारपणातला मधुमेह निघून मेटफॉर्मिन सुरू असेल तर तेही बी-ट्वेल्व्ह कमी करतं, आम्लपित्ताच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर त्याही. गर्भारपणातल्या इथल्या नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन बघतात, बी-ट्वेल्व्ह आपणहून बघत नाहीत. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्यात ते धरलेलंच नसतं.

म्हणून दिवस गेल्यावरच्या पहिल्या भेटीत मिडवाइफला सांगा की मी शाकाहारी आहे आणि बी-ट्वेल्व्ह तपासून हवं आहे. भारतात कधी कमी निघालं असेल, इंजेक्शनं घेतली असतील, तर तेही सांगा. ‘तेव्हा पाच घेतली होती, मग राहून गेलं’ हे तर आवर्जून सांगा, कारण ते मी दर दुसऱ्या मुलीकडून ऐकते. गर्भारपणात रक्तातला आकडा एरवीही थोडा उतरतो, त्यामुळे त्याचा अर्थ डॉक्टरांना लावू द्या. कमी असेल तर महिने हातात असतात, भरून काढता येतं. फॉलिक अ‍ॅसिड घेतेय म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान आतून चालूच राहू शकतं.

ऐन बाळंतपणाच्या खोलीत हे आठवलं तर घाबरून नळी फेकायची गरज नाही. सांगा, डॉक्टर ठरवतील. वेदना कमी करायला इतर मार्ग आहेतच.

घ्यायचा कसा

कळ एखाद्या चढणीसारखी असते. साधारण मिनिटभर चालते, पूर्ण भरात आल्यावर थोडी जास्तही. पहिला अर्धा मिनिट ती चढते, मग शिगेला पोचते, मग उतरते. गॅसचा परिणाम सुरू व्हायला वीसेक सेकंद लागतात आणि पुरता चढायला पाऊण ते एक मिनिट. हा हिशेब डोक्यात बसला की बाकी सोपं आहे. शिगेवर सुरू केलेला गॅस उतारावर भेटतो.

पहिली चाहूल लागताच नळी तोंडात घ्या. कंबरेत ओढ बसते, पोट कडक व्हायला लागतं, कुणाला मांड्यांत भरून येतं. दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. कळा घड्याळ लावल्यासारख्या ठरावीक अंतराने येत असतील तर पुढची कळ यायच्या अर्धा मिनिट आधीच सुरू केलेलं उत्तम.

ओठ तोटीभोवती घट्ट मिटा. श्वास तोंडानेच, सावकाश आणि खोल. गरम दुधावरची साय सरकवायला फुंकर घालतो ना, तितक्याच हळू सोडायचा, फक्त तोटीतच. धापा टाकल्यासारखे भराभर श्वास घेतले तर गॅस जास्त मिळत नाही, बोटांना आणि ओठांना मुंग्या तेवढ्या येतात. मुंग्या आल्या की श्वासाचा वेग निम्म्यावर आणा, जातात. आठ-दहा श्वासांत कळेची धार बोथट होते. दुखणं पुरतं जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. बायका म्हणतात, ‘दुखतंय, पण जरा लांबून दुखतंय.’ मला हे वर्णन पुस्तकातल्या सगळ्या वर्णनांपेक्षा बरोबर वाटतं.

कळ उतरायला लागली की नळी खाली. मधल्या वेळात साधी हवा घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायचा. दोन कळांच्या मध्येही ओढत राहिलं तर फक्त गरगरतं, मळमळतं आणि पुढच्या कळेला शुद्धीत राहून तोंड देता येत नाही.

पहिल्या दोन-तीन कळा शिकण्यात जातात. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. निदान पाच-सहा कळा नीट वेळ साधून घेऊन बघा. तरी पटलं नाही, मळमळ सोसवत नाही, तर सोडून द्या. हा गॅस फुप्फुसांतूनच बाहेर जातो, काही मिनिटांत डोकं स्वच्छ होतं. एपिड्युरल (पाठीतून देतात ती भूल) किंवा दुसरं काही मागायची वाट त्याने बंद होत नाही.

नळी धरणारा हात

साताऱ्याहून आलेल्या एका आईची गोष्ट सांगते. लेकीचं पहिलं बाळंतपण, रात्रीचे तीन वाजलेले. लेक दमून अर्धवट झोपेत, नळी मांडीवर पडलेली. मी नोंदी लिहीत होते. मान वर केली तर आई खुर्चीतून उठून खाटेशी उभी, नळी लेकीच्या ओठांवर दाबून धरलेली आणि दुसरा हात तिच्या केसांतून फिरतोय.

‘तू फक्त श्वास घे बाळा, मी धरते.’

मी जाऊन अलगद त्यांचा हात बाजूला केला. त्यांना राग आला, आणि तो मला समजला. सहा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर तोडून आलेल्या बाईला लेकीसाठी करण्यासारखं तेवढं एकच सापडलं होतं.

‘अहो सिस्टर, तिच्या हातात त्राण नाही.’

‘म्हणूनच, काकू. त्राण नसेल तेव्हा नळी पडायलाच हवी.’

मग मी समजावून सांगितलं. बाई जास्त गुंगीत गेली की हात सैल पडतो, नळी गळून पडते, ती साधी हवा घेऊ लागते आणि मिनिट-दोन मिनिटांत भानावर येते. या औषधाचा मापाचा चमचा म्हणजे तिचा स्वतःचा हात. दुसऱ्या कुणी नळी किंवा मास्क धरला की ती राखण संपली. मग ती नको तितकी खोल गुंगीत जाईल, त्यात ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. नवऱ्याने नाही, आईने नाही, मीसुद्धा धरायची नसते. उशीला टेकवून, दुपट्ट्यात खोचून ठेवणं हाही तोच प्रकार झाला.

काकूंना मी दुसरं काम दिलं. लेकीच्या पोटावर, बेंबीच्या वरच्या बाजूला तळहात नुसता ठेवायचा. कळ येताना बाईला दुखायच्या थोडं आधी तिथलं पोट घट्ट होऊ लागतं. चार कळांत त्यांचा हात बसला. हाताखाली पोट कडक व्हायला लागलं की त्या लेकीच्या कानाशी म्हणायच्या, ‘आली गं, घे.’ लेक डोळेही न उघडता नळी तोंडाला लावायची. माझ्या मॉनिटरच्या कागदावर रेघ वर चढायला लागायची तेव्हाच काकूंचं ‘आली गं’ यायचं.

सोबत येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. नवरे बऱ्याचदा मोबाइलमध्ये कळांचं ॲप उघडून बसतात. ते शेवटची कळ केव्हा आली होती एवढंच सांगतं.

गुंगी, मळमळ, कोरडं तोंड

गरगरणं, हसू येणं, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं, हे होतंच. नळी बाजूला केली की उतरतं. मळमळीसाठी उलटी थांबवायचं औषध मागता येतं, संकोच करू नका. गॅस चालू असताना एकटीने खाटेवरून उतरू नका, बाथरूमला जाताना कुणाला तरी सोबत घ्या.

पेथिडिन किंवा त्या जातीचं वेदना कमी करणारं इंजेक्शन घेतलं असेल तर गुंगी दुप्पट चढते आणि दोन कळांच्या मधल्या वेळात श्वास मंद होऊ शकतो. दोन्ही एकत्र वापरतात, पण मग आम्ही बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतो आणि खोली सोडत नाही. सोबतच्या माणसाने अशा वेळी बाईशी अधूनमधून बोलत राहावं. हाक मारल्यावर उत्तर येत नसेल, ओठ निळसर वाटत असतील, तर नळी बाजूला करून लाल बटण दाबायचं.

तोंड कोरडं पडतं आणि इथेच आपल्या पिशवीतून खोबरेल किंवा व्हॅसलीन निघतं. थांबा. नळीतून येणारं मिश्रण आग भडकवणारं आहे, तेलकट पदार्थ आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडू द्यायची नसते. ओठांना पाण्याचा बोळा फिरवा, नाहीतर पाण्यावर आधारित मलम लावा.

बाळाला याने काही होतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. गॅस वारेतून बाळापर्यंत जातो, आणि आईसारखाच बाळाच्या फुप्फुसांतून पहिल्या काही श्वासांत निघूनही जातो. दूध लगेच पाजता येतं.

घरी बाळंतपण ठरलं असेल तर

मिडवाइफ सिलिंडर सोबत आणते, त्यामुळे तुमच्याकडे काम उरतं ते जागेचं. सिलिंडर खोलीच्या उबेत हवं. ते शून्याखाली सहा अंशांच्या आसपास गारठलं तर आतला नायट्रस ऑक्साइड पातळ होऊन तळाला बसतो. मग सुरुवातीला नुसता ऑक्सिजन येतो, दुखणं कमी होत नाही, आणि शेवटी शेवटी जवळपास शुद्ध नायट्रस ऑक्साइड येतो. त्यात गुदमरायला होईल. जानेवारीतल्या रात्री सिलिंडर गाडीच्या डिकीत किंवा अंगणातल्या शेडमध्ये राहिलं असेल, तर ते किमान १० अंशांच्या वर आडवं ठेवून चोवीस तास ऊब द्यावी लागते. मिडवाइफला हे ठाऊक असतं. तरी ते तुमच्याकडे आधीच आणून ठेवलं असेल तर ते कुठे ठेवलंय हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

त्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या काहीही पेटलेलं नको. दिवा लावायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत, दार लावून.

खिडकी थोडी उघडी ठेवा. दवाखान्यातही आम्ही ‘श्वास तोटीतच सोडा’ म्हणतो त्यामागे आमचाही स्वार्थ आहे. सोडलेला गॅस खोलीत साठला तर तो रोज बारा-बारा तास तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत जातो. २०२२-२३मध्ये हवेतलं प्रमाण जास्त आढळल्याने इंग्लंडमधल्या काही दवाखान्यांनी हा गॅस काही काळ बंदच ठेवला होता. तेव्हा दाखल झालेल्या बायकांची काय अवस्था झाली असेल, ती मला चांगली कल्पता येते.

पुण्या-मुंबईतल्या काही प्रसूतिगृहांतही एन्टोनॉक्स मिळतो. नाव नोंदवतानाच विचारून ठेवा, आणि नर्सला झडप दाखवायला सांगा. घ्यायची रीत तीच.

शेवटची कळ आणि टाके

जोर द्यायची वेळ आली की बऱ्याच जणी नळी आपणहून सोडतात, कारण एकाच तोंडाने श्वास ओढणं आणि जोर देणं जमत नाही. कळेच्या सुरुवातीला दोन श्वास घेऊन मग जोर दिला तरी चालतं. मिडवाइफच्या तालावर चला.

बाळ छातीवर आल्यावर टाके घालायचे असतील तर नळी पुन्हा मागून घ्या. भुलीचं इंजेक्शन टोचताना तिचा छान उपयोग होतो, आणि तेव्हाही नियम तोच: सुई टेकायच्या अर्धा मिनिट आधी सुरुवात. त्या वेळी बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. साताऱ्याच्या काकू तोवर आंघोळ करून, केस विंचरून उभ्याच होत्या.